०.३ मोलर युरिया आयसोटॉनिक (पेशी ना फुगेल ना आक्रसेल असा) असायला हवा ना? मग तांबड्या पेशी फुटतात कशा?

परीक्षानळी

पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी पेशीपटलातून होणाऱ्या वहनाचं प्रात्यक्षिक बसवतोय आणि एका नळीपाशी अडलोय.

संसर्गतपासणी झालेलं, ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं माणसाचं रक्त सलाईनने तीनदा धुऊन १०% सस्पेन्शन केलं आहे. प्रत्येक नळीत ३ मिली द्रावण आणि त्यात ०.१ मिली सस्पेन्शन. नळीमागे छापील कागद धरायचा आणि अक्षरं वाचता येईपर्यंत स्टॉपवॉच चालू ठेवायचं. निकाल असे:

डिस्टिल्ड पाणी – लगेच साफ, लालभडक.
०.९% सोडियम क्लोराईड – तासाभरानंतरही गढूळ.
०.३ मोलर सुक्रोज – गढूळ, पण थोड्या वेळाने वरचा भाग निवळतो.
०.३ मोलर ग्लिसरॉल – साफ होतं, पण दर वेळी वेगळा वेळ लागतो.
०.३ मोलर युरिया – नळी उलटी करून सरळ करेपर्यंत साफ.

शेवटची नळी पटत नाही. युरियाचा रेणुभार ६०.०६, म्हणजे लिटरला १८ ग्रॅम. वजन दोनदा तपासलं. युरियाचे आयन होत नाहीत, म्हणून ०.३ मोलर म्हणजे ३०० मिलिऑस्मोल. तांबड्या पेशीच्या आत साधारण २९०. हिशोबाने ही नळी सलाईनसारखीच दिसायला हवी होती, आणि दिसते डिस्टिल्ड पाण्यासारखी.

एका सहकाऱ्याचं म्हणणं, युरिया प्रथिनं उलगडतो, त्यामुळे पटलच फाटतं आणि याचा ऑस्मोसिसशी काही संबंध नाही. विद्यार्थ्यांना हेच सांगायचं का? आणि सुक्रोजच्या नळीतलं निवळणं म्हणजे हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) धरायचं का?

---

पेशीपुराण

सहकाऱ्यांचं म्हणणं एका नळीत तपासता येतं, म्हणून आधी ती नळी लावा. ०.३ मोलर युरिया पाण्यात न करता ०.९% सलाईनमध्ये करा. युरिया तेवढाच, पेशी त्याच, तापमान तेच. युरिया पटल फाडत असेल तर याही नळीत फाडेल. प्रत्यक्षात ही नळी गढूळच राहते, आणि या नळीची एकूण ऑस्मोलॅरिटी तर ६०० च्या घरात आहे! प्रथिनं उलगडायला युरिया कित्येक मोलर लागतो, ०.३ मोलरला ते काम जमत नाही.

आता मूळ प्रश्न. तुमचं गणित बरोबर आहे, फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. ३०० मिलिऑस्मोल हे द्रावणात किती कण आहेत त्याचं माप. पेशी फुगेल की आक्रसेल हे मात्र त्यातले किती कण बाहेरच अडून राहतात यावर ठरतं. पहिल्याला ऑस्मोलॅरिटी म्हणतात, दुसऱ्याला टॉनिसिटी. पाठ्यपुस्तकात 'समपरासारी' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो आणि गोंधळाची सुरुवात तिथे होते. टॉनिसिटी बाटलीवर लिहिता येत नाही. बाटलीत काय आहे आणि ती कोणत्या पेशीवर ओतताय, हे दोन्ही माहीत असल्याशिवाय ती सांगता येत नाही.

युरियाच्या नळीत काय होतं ते क्रमाने पाहा. सुरुवातीला आत ३०० (पोटॅशियम, क्लोराईड, हिमोग्लोबिन, सेंद्रिय फॉस्फेट वगैरे), बाहेर ३०० (सगळा युरिया). या क्षणी पाणी कुठेच जात नाही. पण युरिया आत शून्य आहे, बाहेर ३००. तो उताराने आत शिरतो. थोडा शिरला, समजा ३० एवढा, की आतली बेरीज ३३०. आता पाण्याला आत यायला कारण मिळालं. पाणी आलं की आतला युरिया पातळ झाला, म्हणून आणखी युरिया आत. पुन्हा पाणी. हे थांबणार कधी? युरिया दोन्हीकडे सारखा झाला तरी आत पेशीचे स्वतःचे कण शिल्लक राहतातच आणि बाहेर त्यांना तोलायला काहीच नसतं. म्हणून तोल कधीच साधत नाही आणि पेशी फुटते. शेवटाच्या दृष्टीने ०.३ मोलर युरिया म्हणजे जवळजवळ डिस्टिल्ड पाणीच, फक्त थोडं उशिरा पोहोचणारं.

सलाईनमधल्या युरियाच्या नळीत युरिया याच वेगाने आत जातो, पण बाहेर सोडियम क्लोराईड तोलायला उभं असतं. पेशी क्षणभर आक्रसते, युरिया समान होतो, पेशी मूळ आकाराला येते. संपलं.

हे सूत्रात मांडायचं तर परावर्तन गुणांक घ्यावा लागतो. स्टॅव्हरमनने १९५१ मध्ये मांडलेला. परिणामी ऑस्मोटिक दाब म्हणजे सिग्मा (हाच तो गुणांक) गुणिले आरटी (वायू-स्थिरांक गुणिले तापमान) गुणिले संहतीतला फरक. रेणू पूर्ण अडत असेल तर सिग्मा १, पाण्याइतक्याच सहज जात असेल तर ०. तुम्ही हिशोबात सगळ्यांचा सिग्मा नकळत १ धरला. सुक्रोजला ते चालतं, युरियाला नाही.

---

पिपेट

सिद्धांत वर आलाच आहे, मी नळ्यांबद्दल लिहितो. निम्मे घोळ तिथेच असतात.

सुक्रोज: वरचा भाग निवळणं हे हिमोलिसिस नव्हे, पेशी खाली बसतायत. सुक्रोजच्या द्रावणात आयन जवळजवळ नसतात. पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, पण अशा द्रावणात पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि गठ्ठे लवकर बसतात. खात्री कशी करायची: नळी हलक्या हाताने दोनदा उलटी करा. पुन्हा गढूळ झाली तर पेशी शाबूत आहेत. शंका उरलीच तर सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जी वर ५ मिनिटं फिरवा. वरचा द्रव रंगहीन आणि तळाशी लाल गोळी असेल तर हिमोलिसिस नाही. वरचा द्रव लाल आणि तळाशी गोळी नाममात्र असेल तर आहे. आकडा हवा असेल तर वरच्या द्रवाचं ५४० नॅनोमीटरला शोषण मोजा आणि डिस्टिल्ड पाण्याच्या नळीचं शोषण १०० टक्के धरा. नळीत नुसता डोळ्यांनी 'साफ' बघून निकाल लिहायची सवय विद्यार्थ्यांना लावू नका.

सुक्रोज करताना ०.३ मोलरसाठी लिटरला १०२.७ ग्रॅम लागतात. ते १ लिटर पाण्यात घालायचे नाहीत. ७००–८०० मिलीत विरघळवून मग १ लिटरपर्यंत भरायचं. साखरेचं आकारमान मोठं असल्याने इथे चूक लगेच जाणवते. युरियात तेवढी जाणवत नाही.

ग्लिसरॉल: दर वेळी वेगळा वेळ येण्याची मला दिसणारी कारणं, शक्यतेच्या क्रमाने.

पहिलं पीएच. माणसाच्या तांबड्या पेशीत ग्लिसरॉल मुख्यतः अ‍ॅक्वापोरिन-३ नावाच्या मार्गिकेतून जातं, आणि ती आम्लतेला फार संवेदनशील आहे. पीएच उतरला की बंद होत जाते. नुसतं डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून ५.५–६ ला येतं, आणि बाटली किती वेळ उघडी होती त्यावर रोजचा पीएच वेगळा. सगळ्याच द्रावणांत ५ मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.४, घाला. एवढ्याने ऑस्मोलॅरिटी १२-१३ ने वाढते. निकालात फरक पडत नाही.

दुसरं मोजमाप. ग्लिसरॉल पिपेटने घेतलं तर निम्मं भिंतीलाच चिकटतं. बीकर तराजूवर ठेवून वजनानेच घ्या: १०० मिलीला २.७६ ग्रॅम.

तिसरं तांबं. सूक्ष्म प्रमाणातलं तांबंही ही मार्गिका अडवतं. पाणी तांब्याच्या नळ्यांच्या जुन्या यंत्रातून येत असेल तर बाटली बदलून बघा.

चौथं तापमान. सगळी द्रावणं एकाच वॉटर बाथमध्ये, २५ अंशांना, निदान १५ मिनिटं ठेवा. युरियाची तर विशेष काळजी घ्या, कारण तो विरघळताना उष्णता ओढून घेतो. ०.३ मोलरला पाणी जेमतेम अंशभर गार होतं, पण २ मोलरचं साठा-द्रावण केलंत तर ६-७ अंशांनी उतरतं. गार लागलं म्हणून तापवायला मात्र ठेवू नका. गरम केला की त्यातून सायनेट तयार होतो. बाथमध्ये आपोआप येऊ द्या.

आणि नळ्या. डिटर्जंटचा अंश राहिला असेल तर सलाईनमध्येही पेशी फुटतात, आणि मग सगळा वर्ग ऑस्मोसिसवर वाद घालत बसतो. सलाईनची नळी प्रत्येक गटाने लावायचीच. ती लाल झाली तर त्या गटाचे बाकीचे निकाल बाद.

रक्त धुताना गोळीवरचा पांढरट थर पिपेटने काढून टाका. तिसऱ्या धुण्यानंतरही वरचा द्रव गुलाबी येत असेल तर रक्त जुनं आहे किंवा फार जोराने हलवलंय. आणि संसर्गतपासणी झालेली असली तरी हातमोजे हवेतच, तोंडाने पिपेट ओढायची नाही, आणि वापरलेलं सगळं १% सोडियम हायपोक्लोराईटमध्ये अर्धा तास.

---

परीक्षानळी

सलाईनमधल्या युरियाची नळी लावली. गढूळ राहिली. सहकारी गप्प. सुक्रोजची नळी उलटी केल्यावर पुन्हा गढूळ झाली, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

पण आता दोन नवे प्रश्न. पटल मेदाचं असतं आणि युरिया तर पाण्यात विरघळणारा. मग तो इतका झपाट्याने कसा जातो? आणि सोडियम क्लोराईड मग पटलातून जातच नाही असं म्हणायचं का?

---

रक्तपेढीतला

युरियाचं मी सांगतो, हा आमचा विषय.

नुसत्या मेदाच्या दुहेरी थरातून युरिया जातो, पण पाण्याच्या साधारण हजारपट हळू. ग्लिसरॉलही त्याच पातळीवर. ग्लुकोज त्याहून कितीतरी हळू, आणि सोडियम आयन पाण्याच्या अब्जपट हळू किंवा त्याहूनही. तांबड्या पेशीत युरिया जवळजवळ पाण्याच्या बरोबरीने जातो, कारण तिच्या पटलात युटी-बी नावाचं युरियावाहक प्रथिन ठासून भरलेलं आहे. ते तिथे का? तांबडी पेशी मूत्रपिंडाच्या गाभ्यातून जाते तेव्हा बाहेर युरिया भरमसाट असतो आणि काही सेकंदांत ती परत साध्या रक्तात येते. वाहक नसता तर जाताना ती आक्रसली असती आणि परतताना फुगली असती, दर फेरीला.

गंमत म्हणजे हेच प्रथिन म्हणजे किड रक्तगट. ज्यांच्याकडे किडचे दोन्ही प्रतिजन नाहीत त्यांच्या पेशींत हा वाहक नसतो. २ मोलर युरियात इतरांच्या पेशी एक-दोन मिनिटांत फुटतात. या बराच वेळ तग धरतात. १९८२ मध्ये हे लक्षात आलं, आणि असे दाते शोधायला आजही ही युरियाचाचणी वापरतात, कारण अँटीसेरम (प्रतिजन ओळखणारी प्रतिपिंडं असलेला द्रव) न वापरता शेकडो नमुने चाळता येतात. तुमच्या वर्गात एखाद्याची युरियाची नळी हट्टाने गढूळ राहिली तर लगेच तसा निष्कर्ष काढू नका. आधी युरिया घातला होता का ते विचारा. असे लोक फार विरळा.

पाण्याचंही तसंच. पाणी मेदातून झिरपतं खरं, पण तांबड्या पेशीत बहुतेक पाणी अ‍ॅक्वापोरिन-१ मधून जातं. एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू. पीटर अ‍ॅग्रे यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये हे प्रथिन बेडकाच्या अंडपेशीत बनवायला लावलं आणि ती अंडपेशी पातळ द्रावणात टाकली. साधी अंडपेशी कशीबशी फुगत होती. ही काही मिनिटांत फुटली. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं, पोटॅशियम मार्गिकेवर काम करणाऱ्या रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत.

---

पेशीपुराण

सोडियमबद्दल. 'जातच नाही' असं म्हणू नका. जातं, पण फार हळू, आणि जेवढं आत येतं तेवढं पंप बाहेर फेकतो: एका एटीपीमागे ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये हे विकर दाखवलं. सलाईनच्या नळीत पेशी टिकतात त्या या पंपाच्या जोरावर.

---

पिपेट

शेवटचं वाक्य दुरुस्त करायला हवं. तासाभराच्या नळीत पंपाचा वाटा नगण्य आहे. तांबड्या पेशीत सोडियमची गळती तासाला दर लिटर पेशींमागे २–३ मिलिमोल. ३०० च्या हिशोबात हे एक टक्क्याच्या आसपास. पंप पूर्ण बंद पाडलात, अगदी बर्फात ठेवलीत, तरी नळी तासाभराने गढूळच दिसेल. पंप लागतो तो दिवसांच्या हिशोबात. विद्यार्थ्याने 'पंप बंद केला तरी का फुटली नाही?' असं विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

---

पेशीपुराण

मान्य, घाईत लिहिलं. प्रात्यक्षिकाच्या वेळेत गळतीचा वेगच एवढा कमी की ती धरायची गरज नाही. जन्मभराच्या हिशोबात मात्र पंपाशिवाय गत्यंतर नाही, कारण हिमोग्लोबिन आणि सेंद्रिय फॉस्फेट बाहेर पडू शकत नाहीत. सोडियम-क्लोराईड मोकळेपणाने आत आलं तर युरियाचीच गोष्ट संथपणे घडेल. रक्तपिशवी २ ते ६ अंशांना ठेवली की पंप जवळपास थांबतो आणि दिवसागणिक बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम चढत जातं, ते यामुळेच.

फुटण्याच्या क्षणाचं गणितही वहीत करून घ्या, ते फार नेटकं येतं. तांबड्या पेशीचं आकारमान सुमारे ९० फेम्टोलिटर, पृष्ठफळ सुमारे १४० चौरस मायक्रोमीटर. पटल वाकतं, दुमडतं, पण ताणलं जात नाही. पृष्ठफळ ३-४ टक्क्यांपलीकडे वाढलं की फाटतं. म्हणजे पेशी फुगून जास्तीत जास्त त्याच पृष्ठफळाचा गोल होऊ शकते. १४० भागिले ४ पाय, वर्गमूळ काढा: त्रिज्या ३.३४ मायक्रोमीटर. त्या गोलाचं आकारमान १५६ फेम्टोलिटर. आता ९० पैकी पाणी साधारण ६५, उरलेले २५ मुख्यतः हिमोग्लोबिन. १५६ मधून २५ वजा केले की पाणी १३१, म्हणजे मूळच्या दुप्पट. आतलं पाणी दुप्पट व्हायचं तर बाहेरचं द्रावण निम्मं पातळ हवं. ०.९ चं निम्मं ०.४५ टक्के. ऑस्मोटिक फ्रॅजिलिटी चाचणीत (किती पातळ सलाईनमध्ये पेशी फुटतात ते बघतात) निरोगी पेशी ०.४५–०.५ टक्क्यांच्या आसपास फुटू लागतात आणि ०.३–०.३५ पर्यंत सगळ्या फुटलेल्या असतात. एवढ्या ढोबळ आकड्यांतून उत्तर इथवर येतं.

आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या आजारात पेशी आधीच गोलाकडे झुकलेली असते, फुगायला जागाच कमी. म्हणून ती ०.६ च्या आसपासच फुटायला लागते.

---

सूक्ष्मदर्शी

रक्त मिळत नसेल किंवा नको असेल तर हाच मुद्दा ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानावर दाखवता येतो. पानाच्या खालच्या जांभळ्या बाजूची साल सोलून घ्या; साल इतकी पातळ हवी की खाली हिरवा गर लागलेला नसावा. आधी पाण्यात बघा, पेशी काठोकाठ जांभळ्या दिसल्या पाहिजेत. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला द्रावणाचा थेंब आणि समोरच्या कडेला टिपकागद.

अर्धा मोलर सुक्रोज (१०० मिलीत १७.१ ग्रॅम) दिलात तर जांभळा भाग भित्तीपासून सुटून आत गोळा होतो आणि तसाच राहतो. १ मोलर युरिया (१०० मिलीत ६ ग्रॅम) दिलात तर आधी तसाच सुटतो, आणि मग हळूहळू आपणहून पुन्हा पसरतो, द्रावण न बदलता. युरिया आत शिरला, पाणी त्याच्यामागून आलं. वनस्पतिपेशीला भित्ती आहे, म्हणून ती फुटत नाही. परत येऊन भित्तीला टेकते.

इथे नळीसारखा सेकंदांत निकाल लागत नाही. परतीला बराच वेळ लागू शकतो, तोवर कडेने पाणी उडून द्रावण दाट होतं आणि परतणं दिसतच नाही. कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलीनने बंद करा. आणि एकच पेशी निवडून तिचं दर १० मिनिटांनी चित्र काढा. दर वेळी वेगळी पेशी बघितली तर काही कळत नाही. परत न आलेली पेशी जिवंत आहे का, हे शेवटी साध्या पाण्यात टाकून तपासा. जांभळा रंग सगळीकडे पसरला असेल तर पटल गेलेलं आहे आणि ते निरीक्षण बाद.

---

परीक्षानळी

ग्लुकोजची नळी ठेवू का? आणि अमोनियम क्लोराईडबद्दल कुठेतरी वाचलं होतं की तेही फोडतं. ते तर मीठ आहे, आयन आहेत, मग?

---

पेशीपुराण

ग्लुकोज ठेवा, पण घड्याळ लावून शर्यत लावू नका. माणसाच्या पेशीत त्यासाठी ग्लुट-१ वाहक आहे, भरपूर. पण वाहक म्हणजे नळ नव्हे. प्रत्येक रेणूमागे त्याला एकदा रूप पालटावं लागतं. काही मिलिमोलरलाच त्याची निम्मी क्षमता वापरली जाते. ३०० मिलिमोलरला सगळे वाहक भरलेले, बाहेर आणखी दुप्पट घातलं तरी वेग तोच. विसरणात वेग संहतीबरोबर वाढत जातो, वाहकातून ठरावीक मर्यादेला अडतो. हा फरक दाखवायला ही नळी चांगली. शिवाय ग्लुकोजचं आरशातलं रूप, एल-ग्लुकोज, याच वाहकाला चालत नाही. रेणुभार तोच, पाण्यात विरघळणं तेच, तरी बाहेरच राहतं.

अमोनियम क्लोराईडचं प्रकरण सगळ्यांत देखणं. अमोनियम आयन पटलातून जात नाही म्हटलं तरी चालेल, पण द्रावणात तो थोडासा अमोनिया वायूच्या रूपात असतोच, आणि अमोनियाला पटलाचा अडसर नाही. तो आत जातो, तिथे हायड्रोजन आयन उचलून पुन्हा अमोनियम होतो आणि अडकतो. हायड्रोजन उचलला गेल्याने आत बायकार्बोनेट वाढतं. ते बँड-३ नावाचा अदलाबदल करणारा वाहक बाहेर काढतो आणि बदल्यात क्लोराईड आत घेतो. बाहेर आलेलं बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साईड होऊन पुन्हा आत, कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर त्याचं परत बायकार्बोनेट करतं. चक्र फिरत राहतं, आणि दर फेरीला अमोनियम क्लोराईडचा एकेक कण आत जमा. दार उघडलेलं नसताना घर भरतं. मग पाणी, मग फुटणं.

---

रक्तपेढीतला

आणि याचाच उपयोग पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायला होतो. अमोनियम क्लोराईड १५५ मिलिमोलर (लिटरला ८.३ ग्रॅम), पोटॅशियम बायकार्बोनेट १० मिलिमोलर (१ ग्रॅम), ईडीटीए ०.१ मिलिमोलर (डायसोडियम मीठ ३७ मिलिग्रॅम), पीएच ७.२–७.४. तांबड्या पेशीत बँड-३ आणि कार्बोनिक अनहायड्रेज दोन्ही मुबलक, म्हणून त्या आधी फुटतात. पांढऱ्यांत हे चक्र इतकं जोरात फिरत नाही. एक भाग रक्ताला दहा भाग द्रावण, साधारण ५–१० मिनिटं, आणि द्रव पारदर्शक लाल झाला की लगेच सलाईनने धुऊन टाकायचं. 'आणखी पाच मिनिटं असू दे' केलं की पांढऱ्याही जायला लागतात. बायकार्बोनेट विसरलात तर काम मंदावतं. वरचं चक्र वाचल्यावर कारण कळेलच.

प्रात्यक्षिकानंतर कुणी विचारलंच की बाहेर याचा काय उपयोग, तर दोन गोष्टी सांगा. ५% डेक्स्ट्रोज बाटलीत आयसोटॉनिकच्या जवळपास असतं, पण रक्त चढवायच्या नळीतून ते कधीच सोडत नाहीत. पेशी गठ्ठे होतात, फुगतात, फुटतात. रक्तासोबत फक्त ०.९% सलाईन. दुसरं, रुग्णाची परिणामी ऑस्मोलॅलिटी काढताना सोडियमची दुप्पट आणि ग्लुकोज भागिले १८ एवढंच घेतात, युरिया धरत नाहीत. तुमच्या पाचव्या नळीत जे दिसलं तेच कारण.

---

परीक्षानळी

एक शेवटचं. ग्लिसरॉल सलाईनमध्ये करून त्यात पेशी ठेवल्या तर युरियासारख्याच शाबूत राहतील, हे समजलं. पण त्याच पेशी नंतर साध्या सलाईनमध्ये टाकल्या तर?

---

रक्तपेढीतला

किती ग्लिसरॉल भरलंय त्यावर आहे. युरिया भरलेली पेशी साध्या सलाईनमध्ये टाकलीत तर युरिया झटकन बाहेर पडतो, पेशी थोडी फुगून सावरते. ग्लिसरॉल बाहेर पडायला वेळ घेतं आणि पाणी आत यायला घेत नाही. आत ०.३ मोलर असेल तर सलाईन पेशीला तात्पुरतं निम्म्या ताकदीचं वाटतं, म्हणजे वर काढलेल्या ०.४५ टक्क्यांच्या अगदी कडेवर. काही फुटतील, काही वाचतील. १ मोलर भरलं असेल तर बहुतेक सगळ्या जातील. ०.३ आणि १ मोलर अशा दोन नळ्या लावून ५४० ला मोजा, फरक आकड्यात दिसेल.

गोठवून ठेवलेल्या दुर्मिळ गटाच्या रक्ताला हाच धोका असतो. त्यात ४०% ग्लिसरॉल असतं, उणे ६५ अंशांखाली ठेवतात. वितळवल्यावर सरळ सलाईनने धुतलं तर पिशवीत नुसतं लाल पाणी उरेल. म्हणून आधी १२% सोडियम क्लोराईड देतात, म्हणजे बाहेरही काहीतरी तोलायला असतं आणि ग्लिसरॉलला निघायला सवड मिळते. मग १.६ टक्क्यांनी धुतात, आणि सगळ्यांत शेवटी ०.९% सलाईन, त्यात ०.२% डेक्स्ट्रोज. शेवटच्या धुण्याचा द्रव गडद लाल आला तर एखादी पायरी घाईने उरकलेली असते. बहुतेक वेळा पहिलीच.